घरचे उद्योग : सुरीसाठीं कांचतंतूंचें म्यान

गेल्या श्रावणांतील एका शुक्रवारीं सकाळीं आमच्या घरीं जें घडलें, त्यांतून या महिन्याचा विषय निघाला आहे. या सदराच्या वाचकांना आजवर पुस्तकबांधणी, छत्रीची दुरुस्ती, फार झालें तर सुंभानें खाट विणणें, असले निरुपद्रवी विषय वाचण्याची संवय. त्यांना शस्त्राचें नांव ऐकून किंचित् दचकल्यासारखें होईल. परंतु शस्त्र तें एवढेंच, कीं केळीचीं पानें कापण्याची सुरी.

ही सुरी माझ्या वडिलांची. पातें सात इंचांचें, साध्या पोलादाचें, लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतलेलें, मूठ बाभळीची. पिंप्राळा आज जळगांव महानगरपालिकेच्या हद्दींत आहे, आणि आषाढी एकादशीच्या रथाचा दिवस सोडला तर या वस्तीस गांव म्हणावें असें फारसें कांहीं उरलेलें नाहीं. परंतु वडिलांच्या काळीं आमच्या परसांत केळीचीं दहा-बारा झाडें होतीं. पितृपक्षास लागणारीं पानें, सत्यनारायणाच्या चौरंगास बांधावयाचे खांब, दर्भ, आंब्याचे टहाळे, सारें या एका सुरीनें निघे. तिला दोन सागवानी फळ्यांचें, तोंडाशीं पितळेची कडी बसविलेलें म्यान होतें. दहा वर्षांपूर्वीं तें वाळवीनें खाल्लें. तेव्हांपासून सुरी एका जुन्या पंच्यांत गुंडाळून पूजेच्या पिशवींत ठेवण्याचा प्रघात पडला. आणि तो प्रघात पाडणारा मी.

त्या शुक्रवारीं जिवतीच्या पूजेची तयारी चालली होती. आमच्या कुटुंबानें दूर्वांची जुडी काढावयास पिशवींत हात घातला. पंचा सुटलेला होता. आंगठ्याच्या मुळाशीं पातें गेलें. चार टांके पडले. टांके यथाकाल निघाले, परंतु आंगठा पूर्वीसारखा वांकत नाहीं. वाती वळतांना तो आडवा येतो. आमच्या देवघरांतील वाती चाळीस वर्षें तिच्या हातच्या आहेत, हें सांगितलें म्हणजे पुढचें सांगावयास नको.

मुलानें त्याच संध्याकाळीं सुचविलें, "बाबा, ही सुरी भंगारांत देऊन टाका. पानें हवीं तेवढीं बाजारांत मिळतात." त्याचें म्हणणें चुकीचें नव्हतें. कुटुंब मात्र कांहींच बोललें नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें. तिनें इतकेंच केलें, कीं त्या दिवसापासून पूजेच्या पिशवीस हात लावला नाहीं. दूर्वा ती सुनेकडून मागून घेऊं लागली.

अमरकोशांत सुरीला असिपुत्री आणि असिधेनुका अशीं नांवें दिलेलीं आहेत. त्याच ग्रंथांत 'कोश' शब्दाचे अर्थ देतांना अमरसिंहानें फुलाची कळी, खड्गाचें आवरण, द्रव्याचा सांठा आणि दिव्य हे चार एका ओळींत बसविले आहेत. हे चार अर्थ मीं किती मुलांकडून घोकून घेतले असतील याची गणती नाहीं. त्यांपैकीं दुसरा घरांत नसला तर चौथा ओढवतो, ही टीप मात्र कोणत्याच टीकाकारानें दिलेली मला आढळली नव्हती.

म्यान करावयाचें तर कशाचें? चामडें हा पहिला विचार. आमच्या घरीं विटाळाचा प्रश्न आतां कोणी काढीत नाहीं. तरी देवघरांतील पिशवींत चामडें ठेवणें कुटुंबास रुचलें नसतें, आणि त्याहून मोठी अडचण अशी, कीं चामडें ओल धरून ठेवतें. केळीच्या चिकांत जें तुरट द्रव्य असतें त्यानें साधें पोलाद आधींच काळें पडतें. त्यावर ओलें चामडें लागलें कीं गंज चढावयास वेळ लागत नाहीं. लांकडाचा अनुभव वाळवीनें दिलेलाच होता. अशा विवंचनेंत असतां माझा एक जुना विद्यार्थी भेटला. जळगांवच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घरोघर कूलर घरघरूं लागतात. त्या कूलरांच्या फुटलेल्या टांक्या सांधण्याचा त्याचा धंदा. तो म्हणाला, "गुरुजी, फायबरचें करा. वाळवी लागणार नाहीं, पाणी पिणार नाहीं. मी दाखवतों."

बाजारांत ज्याला नुसतें 'फायबर' म्हणतात, तो वस्तुतः दोन पदार्थांचा संसार आहे : कांचेचे केसाहून बारीक तंतु आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. खानदेशांतील धाब्याचें घर ज्यानें पाहिलें आहे त्याला हें तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाहीं. नुसती माती वाळली कीं तडकते, नुसता भुसा वाऱ्यानें उडतो. दोन्ही एकत्र तुडवून लिंपलीं म्हणजे भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. येथें भुशाच्या जागीं कांच आणि मातीच्या जागीं राळ, एवढाच फरक. ताण तंतु सोसतात, आकार राळ राखते. कांच ठिसूळ असतां तिचा तंतु बळकट कसा, असें नातीनें विचारलें. कांच फुटते ती तिच्या अंगावरील सूक्ष्म भेगांपासून. तंतु जितका बारीक, तितकी मोठी भेग त्याच्यांत मावतच नाहीं. शिवाय एक तंतु तुटला तरी भेग शेजारच्या तंतूपाशीं येऊन अडते.

कांचेचें सूत ही कल्पना नवी नाहीं. इ. स. १८९३ मध्यें शिकागो येथें जें मोठें प्रदर्शन भरलें, आणि ज्याच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनांत लिबी नांवाच्या कांच-कारखानदारानें कांचतंतु आणि रेशीम यांचा विणलेला झगा मांडला होता. तो पाहण्याचा झगा होता, नेसण्याचा नव्हे. तंतु स्वस्तांत व विपुल काढण्याची युक्ति अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत साधली, आणि १९३८ त केवळ याच मालासाठीं ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली. पुढें १९५३ त शेव्हरोले कंपनीनें मोटारीचें सबंध अंग या पदार्थाचें केलें. आपल्याकडे तळोजें येथें आणि गोव्यांत बारदेशांतील कोलवाळ येथें कांचतंतूंचे कारखाने निघाले. कोंकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या याच्याच झाल्या. आणि धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील ब्राह्मणवेलच्या पठारावर ज्या पवनचक्क्या फिरतात, त्यांचीं प्रचंड पातीं कांचतंतु आणि राळ यांचींच असतात. जो पदार्थ असल्या वाऱ्याशीं झुंजतो, तो सात इंची सुरीस जड जाऊं नये, असा मला विश्वास वाटला. तो अंशतःच खरा ठरला.

आतां कृति. माझे दोन प्रयत्न फसले, आणि त्यांपासून जितकें शिकावयास मिळालें तितकें तिसऱ्या यशस्वी प्रयत्नापासून मिळालें नाहीं; म्हणून तेही सांगतों.

पहिल्या खेपेस मीं शिष्याचा सल्ला अर्धवट ऐकून खऱ्या सुरीवरच मेण चोळलें आणि तिच्याभोंवतीं कांचेचा कपडा राळेंत भिजवून गुंडाळला. दुसऱ्या दिवशीं सुरी निघेना. मेण एका जागीं कमी पडलें होतें. शिवाय पातें मध्यें किंचित् फुगीर आणि मुठीकडे निमुळतें, हें माझ्या लक्षांत आलें नव्हतें. तोंड अरुंद आणि पोट मोठें असल्या भांड्यांतून नारळ काढण्यासारखा तो प्रकार. बाहेर ओढतांना ती एकाएकी सुटली असती तर घरांत आणखी चार टांके पडले असते. अखेर करवतीनें म्यान चिरावें लागलें, आणि वडिलांच्या पात्यावर दोन ओरखडे कायमचे राहिले. तेव्हां पहिला नियम : खऱ्या सुरीवर कधींही सांचा घेऊं नये, लांकडाची प्रतिमा करावी.

दुसऱ्या खेपेस प्रतिमा केली, म्यान सुरेख उतरलें, मुलानेंही कौतुक केलें. महिन्याभरानें पाहतों तों सुरीनें केळीचें पान कापेना. कांच ही साध्या पोलादाची धार मारण्याइतकी कठीण असते. म्यानाच्या आंतल्या अंगास उघडे राहिलेले तंतु प्रत्येक वेळीं धारेस घांसत होते. ज्यानें धार झांकावयाची त्यानेंच ती खाल्ली. शिवाय धारेच्या बाजूस म्यान एकेरी असल्यानें तेथें आंतून चीर पडूं लागली होती. आणखी कांहीं महिन्यांनीं धार आरपार बाहेर आली असती, आणि तीही नेमकी म्यान मुठींत धरणाऱ्याच्या तळहातावर. हा दोष बाहेरून मुळींच दिसत नव्हता. नातीनें खिडकीच्या उजेडांत म्यानाच्या तोंडांतून डोकावून "आजोबा, आंत रेघ दिसते," म्हणून दाखविला.

तिसऱ्या खेपेची रीत अशी. पात्याची आकृति कागदावर उतरून घ्यावी. धारेच्या बाजूस ती पांच मिलिमीटर रुंद करावी, आणि तोंडापासून टोंकाकडे सर्वत्र निमुळती होत जाईल अशी दुरुस्त करावी. पातें पाठीशीं तीन मिलिमीटर जाड असेल तर चार मिलिमीटर जाडीची सागवानी पट्टी घेऊन त्या आकाराची कापावी, पॉलिश-कागदानें गुळगुळीत करावी, आणि तिच्यावर खोकीं बंद करण्याची तपकिरी चिकटपट्टी सुरकुती न पडूं देतां लावावी. राळ त्या पट्टीस धरीत नाहीं. वरून मेणाचें पॉलिश दोनतीनदां चढवावें. ही प्रतिमा मेण लावलेल्या सनमायकाच्या तुकड्यावर पालथी ठेवावी.

राळ पॉलिएस्टर जातीची मिळते. तिच्याबरोबर दुकानदार दोन बाटल्या देतो : जांभळट रंगाचें कोबाल्ट आणि पाण्यासारखें दिसणारें हार्डनर. येथें मला आवाज चढवून बोललें पाहिजे. या दोन द्रव्यांचा एकमेकांशीं सरळ संबंध येतां कामा नये. तीं नुसतीं एकत्र झालीं तर भडका उडतो, स्फोटही होतो. आधीं कोबाल्ट राळेंत घालून पूर्णपणें ढवळावें, आणि मगच हार्डनर घालावें. दोहोंची पिचकारी वेगळी, ढवळण्याची काडी वेगळी, बाटल्या ठेवण्याच्या जागाही वेगळ्या. शंभर ग्रॅम राळेस प्रत्येकीं एक ग्रॅमच्या आसपास पुरे होतें. हार्डनरचा थेंब डोळ्यांत गेला तर दृष्टि जाण्याचें भय असतें. म्हणून चष्मा असला तरी वरून बंद चष्मा लावावा, आणि थेंब गेलाच तर पंधरा मिनिटें वाहत्या पाण्यानें डोळा धुवून तडक डॉक्टरांकडे जावें. राळेचा वास उग्र आणि वाफ ज्वालाग्राही असते. स्वयंपाकघर, देवघर, जेथें समई अगर चूल असेल, तेथें हा उद्योग नाहीं. मुलांच्या पुढेंही नाहीं. मी गच्चीवर सावलींत केला.

प्रथम नुसत्या राळेचा एक लेप प्रतिमेवर द्यावा आणि बोटास चिकट लागेल पण बोटाबरोबर येणार नाहीं, इतका आळूं द्यावा. हाच लेप पुढें म्यानाचें गुळगुळीत अंतरंग होतो आणि तंतूंना धारेपासून दूर ठेवतो. माझ्या दुसऱ्या प्रयत्नांत नेमका हाच राहिला होता. मग तीनशें ग्रॅमी मॅटचे तुकडे घ्यावेत. मॅट म्हणजे चटई. जळगांवकरांस चटईचें कौतुक सांगावयास नको, परंतु ही चटई विणलेली नसते, कापलेले तंतु पसरून चिकटविलेले असतात. ती कात्रीनें न कापतां हातमोजे घालून फाडावी, म्हणजे कडा एकमेकींत मिसळतात. एक तुकडा, वर राळ, ब्रशानें टोंचून टोंचून भिजवणें. घांसूं नये, घांसल्यानें तंतु सरकतात. जेथें पांढरें दिसेल तेथें हवा अडकली आहे असें समजावें. असे तीन थर झाले म्हणजे सुमारें दोन मिलिमीटर जाडी येते. चोहोंबाजूंनीं दीड सेंटिमीटर कड सनमायकावर पसरूं द्यावी. हें झालें म्यानाचें एक, पन्हळीसारखें, अंग; दुसरें अंग नुसती सपाट पट्टी, तीही तशीच तीन थरांची, आणि आंतून तसाच लेप असलेली.

राळ आळण्याचा वेळ हवेवर असतो. माघांत जी राळ अर्धा तास हाताशीं राहील, ती वैशाखांत पाहतां पाहतां वाटींत गोठते, तापते आणि धुरावतेही. म्हणून थोडी थोडी कालवावी, आणि उरलेली कचऱ्याच्या टोपलींत न टाकतां उघड्यावर जमिनीवर ठेवून निवूं द्यावी. एकदां आळली ती आळली; भाजलेल्या भाकरीचें जसें पुन्हां पीठ होत नाहीं, तशी ही राळ तापवून पुन्हां पातळ होत नाहीं. यामुळेंच हा पदार्थ टिकतो, आणि यामुळेंच टाकून दिल्यावर त्याचें काय करावें हा प्रश्न पवनचक्क्यांच्या जुन्या पात्यांपुढें जगभर उभा आहे. माझीं फसलेलीं दोन म्यानें माळ्यावर पडून आहेत. माझ्या नंतरही तीं तेथें असतील.

दुसऱ्या दिवशीं दोन्ही अंगें सोडवून कडा छाटाव्या. छाटतांना आणि कानशीनें घांसतांना कांचेची पूड उडते. तोंडावर चांगली मुसकी, अंगांत पूर्ण बाह्या, आणि कडा आधीं पाण्यानें ओल्या केलेल्या असाव्या. ही पूड अंगास लागली तर दोन दिवस खाज सोसावी लागते. मी पहिल्या खेपेस सोसली. मग पन्हळीच्या आंत, धारेच्या बाजूस आपण जी पांच मिलिमीटर जागा अधिक ठेविली होती, तींत सागवानाची पट्टी राळेनें चिकटवावी. धार या पट्टीवर टेंकते. कापलीच तर पट्टी कापेल, म्यान नव्हे. जोडावयाच्या कडा खरखरीत करून, त्यांवरील मेण पूर्ण काढून, मध्यें भिजलेल्या मॅटची अरुंद फीत घालून दोन्ही अंगें कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनीं आवळावीं. दुसऱ्या दिवशीं चार तांब्याच्या रिबिटी ठोकाव्या. टोंकाशीं चार मिलिमीटरचें भोंक अवश्य ठेवावें, म्हणजे आंत गेलेलें पाणी निथळतें. म्यान आठ-दहा दिवस उन्हांत टांगावें, आणि वास पूर्ण गेल्यावरच साबणाच्या कोमट पाण्यानें धुवून वापरण्यास घ्यावें. सुरी आंत जातांना व बाहेर येतांना पाठीचा दाब म्यानाच्या पाठीवर असावा, धारेचा पट्टीवर नसावा.

विळा किंवा कोयता यांना ही रीत चालणार नाहीं. वांकडें पातें पाठीकडून उघड्या असलेल्या म्यानांतच बसतें, आणि त्याला वरून बंद लागतो. तो स्वतंत्र विषय आहे. स्वयंपाकघरांतील भाजी चिरण्याच्या सुऱ्यांसाठीं तर मी हा खटाटोप मुळींच सुचविणार नाहीं. अन्नास लागणाऱ्या पात्याशीं राळेचा वास नको, आणि पावसाळ्यांत प्लास्टिकच्या नळांचे तुकडे ज्या शहरांत पायाखालीं येतात तेथें तो लागतही नाहीं. पिण्याच्या पाण्याच्या नळाचा वीतभर तुकडा उकळत्या पाण्यांत मऊ करून, फडक्यानें धरून, दोन फळ्यांमध्यें चेपला कीं सुरीपुरतें चपटें आवरण तयार होतें. विस्तवावर मात्र धरूं नये. करपला तर त्यांतून अपायकारक वायु निघतो. आमच्या घरच्या तीन सुऱ्या अशा नळकांड्यांत गेल्या आहेत, आणि सुनेनें त्यांचें माझ्या कांचतंतूंच्या म्यानापेक्षां अधिक कौतुक केलें, हें नमूद केलें पाहिजे.

तिसरें म्यान तयार झालें तें मार्गशीर्षांत. पातें तिळाच्या तेलानें पुसून मीं त्यांत सरकविलें आणि कांहीं न बोलतां पूजेच्या पिशवींत ठेवून दिलें. पंधरा दिवस तें तसेंच राहिलें. मग एका गुरुवारीं सकाळीं परसांतून आवाज आला, "अहो, याची धार कोणत्या अंगाला आहे?" मी बाहेर गेलों. कुटुंब केळीपाशीं म्यान हातांत घेऊन उभें होतें. दोन्ही कडा सारख्याच दिसत होत्या. माझ्या डोक्यांत हें आलेंच नव्हतें, कारण करणाऱ्याला ठाऊक असतें. मीं दाखविलें. तिनें म्यान पाठीकडून धरलें, सुरी काढली, एक पान कापलें, पातें पुसून पुन्हां आंत घातलें, आणि घरांत जाऊन देवघरांतला तांबडा दोरा आणून धारेच्या बाजूच्या रिबिटीला बांधला. आंगठा नीट वांकत नसल्यानें गांठ मारावयास तिला वेळ लागला. मीं हात पुढें केला, तर तिनें तो बाजूस सारला.

तो दोरा या महिन्यांत झिजून तुटला. काल पाहिलें, तों दुसरा बांधलेला होता.